मुंगन्याला टेकलेले मामा

लग्नाआधी दोन ठिकाणचे पाहुणे मला पाहून गेले नि दोघांचाही निरोप एकच: पोरगी लई बोलते. म्हणून केशोरी गावचे पाहुणे यायच्या दिवशी आईनं दम भरला, "आज तोंड उघडशील तं याद राख. विचारलं तेवढंच सांगजो."

मला हे स्थळ हवं होतं. मंडईच्या जत्रेत मी मुलाला लांबून पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता, आता काय लपवायचं!

धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. पाहुण्यांसाठी अंगणात मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या सावलीत बाज टाकली होती. पोहे घेऊन बाहेर आले नि पाहते तर काय, बाज पार बुंध्याला लावलेली! मला त्या बुंध्याची खोड ठाऊक होती, कारण कामातून सुटले की मी सुरवंटच बघत बसायची. एरंडीच्या पानाखालचा हिरवा सुरवंट एकटा बसतो नि हात लागला की निखाऱ्यासारखा भाजतो. मुंगन्यावरचे केसाळ मात्र रात्री पाला खातात आणि दिवसा बुंध्याला चिकटून घोळक्यानं झोपतात. साल कोणती नि सुरवंट कोणते, जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आणि मुलाचे मामा पातळ सदऱ्यात हळूहळू मागे सरकत होते.

मी आईकडे पाहिलं. आईनं डोळे वटारले.

तेवढ्यात मामाच म्हणाले, "पोरगी मुकी हाये का जी? काही तं बोल वं!"

आता तर विचारलंच होतं! मी म्हटलं, "मामाजी, मांगं टेकू नोका. झाडाले सुरवंट हायेत."

"पाहा, मोठ्या माणसाले शिकवून राहिली! आमच्या घरी मुंगना नाही काय?" असं म्हणून मामा ठसक्यात टेकले.

पुढचं काय सांगू! मामा असे उडाले की पोहे अंगणभर. "अरे बापा, मेलो!" रुतलेले केस निघावेत म्हणून बाबांनी घोंगडीनं त्यांची पाठ पुसली, आईनं वरून शेण थापलं. मी पदर तोंडात कोंबून हसले, आणि मग आत जाऊन ढसाढसा रडले. हेही स्थळ हातचं गेलं होतं.

जाताना मुलगा पहिल्यांदा बोलला, "मामा, तिनं सांगतलं होतं ना तुमाले." आठवड्यात होकार आला.

लग्नात मामा दिवसभर मांडवात ताटकळत उभे. अक्षता पडल्यावर हळूच माझ्याजवळ आले. "सूनबाई, ह्या खांबाले टेकू का वं?"

मी खांब मागून-पुढून नीट पाहिला. मग म्हटलं, "टेका."