परत न आलेली मेल

गल्लीत बातमी अशी पसरली की डीटीपीवाल्या मामांचं बँकेतलं सगळं कुणीतरी धुऊन नेलं, म्हणून ते दुकानात तोंड पाडून बसतात. साफ खोटं. बँकेतला छदामही हलला नव्हता. गेला तो मामींचा मेलबॉक्स.

मामा पत्रिका, बिलबुकं जुळवतात. दोन अक्षरांमधली केसभर फट त्यांना दारातून दिसते. फुकटचा फॉन्ट दिसला की मात्र पाघळतात. मामींना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा आठवणीच्या कार्डासाठी त्यांना मामींच्या हस्ताक्षराचं वळण हवं होतं. कुठल्याशा साइटवर तसा फॉन्ट सापडला. फाइल फॉन्टची नव्हती, प्रोग्रामची होती. नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं. केसभर फट पाहणाऱ्या डोळ्यांनी तेवढं वाचलं नाही. क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. "भंगार," म्हणत मामांनी चहा मागवला. तेवढ्यात ब्राउझरने जपून ठेवलेले सगळे पासवर्ड पसार.

चौथ्या दिवशी त्यांच्या बहिणीचा फोन. "दादा, वहिनीची मेल आलीय रे. म्हणते, सोबतची फाइल उघड."

मामांनी संगणक पुसून नव्याने भरला, स्वतःचे पासवर्ड बदलले. मामींचा त्यांना कधी ठाऊकच नव्हता. मामींनीच एकदा ब्राउझरमध्ये टाकून ठेवलेला. खातं परत मिळवायचं तर खात्रीचा कोड जायचा मामींच्या नंबरवर, तो केव्हाच बंद. आत होती मामींनी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून स्वतःलाच पाठवलेली सामानाची यादी, प्रत्येक आठवड्याची. साबण, सुया, मध्येच "अहो, दार लावा".

तरी रोज दुकान उघडलं की मामा त्या पत्त्यावर दोन ओळी पाठवतातच.

"आता चोर वाचत असेल," मी म्हटलं.

"वाचू दे. सुधारेल."

"महिन्याभरात खातं बंद करून टाकेल तो. तुमची मेल परत येईल. लावता पैज?"

"लावली. हरलीस तर मी सांगेन ते करायचं."

एकतिसाव्या दिवशीही मेल परत आली नाही. खातं होतं, कुणाच्या का हातात असेना.

मी गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढते, मामांचासुद्धा, त्यांच्यासमोर. मामींचा तेवढा कधी काढला नव्हता.

"काढ," मामा म्हणाले, आणि संगणकाच्या पडद्याकडे तोंड फिरवून बसले.

मी बरेच आढेवेढे घेतले. मग म्हटलं, "अहो, दार लावा."

मामा उठले, आणि दार लावून आले.