आवळलेला पाइप

ऐंशीच्या दशकात पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अपघात झाला. त्याचा अहवाल मी लिहिला. भाषा उत्तम होती, फक्त मजकूर खोटा होता.

मी अंबडच्या कारखान्यातला इंजिनिअर. त्या कोल्ड स्टोरेजमधली यंत्रं आम्हीच बसवली होती. कॉम्प्रेसरमधून अमोनिया नेणारा पाइप थरथरायचा आणि त्याच्याबरोबर भिंत घुमायची. भिंतीपलीकडे शेठचं ऑफिस. त्यांच्या बशीतला चहा हिंदकळायचा. द्राक्षं टिकत होती हे ठीक, पण चहाचं काय? मला बोलावणं आलं.

तिथल्या ऑपरेटरने भिंतीवर पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली टेम्पोच्या जुन्या टायरचे तुकडे घातले होते आणि यंत्राजवळचा पाइप मोकळा ठेवला होता. आवाज थोडा उरला होता, पण पाइप सुखात होता. मला मात्र त्यात इंजिनिअरिंगचा अपमान दिसला. टायर उपटून मी कोपऱ्यात फेकले, सिमेंटचे खांब उभारले आणि पाइप थेट यंत्रापासून लोखंडी क्लॅम्पांनी त्या खांबांना आवळला.

“साहेब, त्याला थोडं हलू द्या. लय आवळला तर ताण जोडावर येईल,” ऑपरेटर म्हणाला.

“आयटीआय कुठून केलंस?”

“केलं नाय साहेब. मी रोज त्याच्याशेजारी बसतो.”

भिंत गप्प झाली. शेठनी मला शाल दिली. तिसऱ्या आठवड्यात यंत्राजवळचा जोड तडकला आणि अमोनिया सुटला. तोंडाला ओला पंचा बांधून ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला. माणसं वाचली, द्राक्षं गेली. पाहणीला जाताना मी शाल पांघरली नाही, एवढी समज मला होती.

अहवालात लिहिलं: ऑपरेटरने परवानगीशिवाय टायर घातल्याने पाइप सैल राहिला आणि जोड तडकला. कोपऱ्यातले तुकडे पुरावा म्हणून मीच जोडले.

“टायर तर तुम्हीच काढलं व्हतं,” तो म्हणाला.

“अहवाल गेलाय.”

त्याचं कामही गेलं. पुन्हा कुठल्याच कोल्ड स्टोरेजने त्याला यंत्राजवळ बसू दिलं नाही; तो कांद्याच्या गोण्या वाहत राहिला. मी त्यानंतर सगळीकडे क्लॅम्पखाली रबर घालू लागलो आणि कंपनांचा तज्ज्ञ ठरलो.

मागच्या वर्षी त्याच्या मुलीकडे गेलो. तो आता नाही. सगळं कबूल केलं. ती रडेल, मी समजूत घालीन, असं मी ठरवून गेलो होतो.

“हे आम्हाला माहीतच हाय, काका,” ती म्हणाली. “ज्यांनी तुमचा कागद वाचला, त्यांना सांगा.”

शेठही गेले. त्यांचा मुलगा आता कारभार पाहतो. त्याला पाठवायचं पत्र आधी तिला दाखवलं. तिने ते सावकाश वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. मी ‘तिथला एक कामगार’ असं लिहिलं होतं.

“ऑपरेटर लिहा,” ती म्हणाली.