वाढत्या पत्त्याची पंगत

दुष्काळाचं वर्ष. अवघं शहर देवाकडं पाऊस मागत होतं, आणि दमयंतीनं त्या शनिवारी निरांजन ओवाळून मागितलं ते असं: "देवा, पत्त्याचा रकाना वाढला की शेजारच्या रकान्यांनाही वाढायची बुद्धी दे." देव क्षणभर गोंधळलाच असेल.

मुलगी सासरी गेल्यावर, शेहेचाळिसाव्या वर्षी, दमयंतीनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि उस्मानपुऱ्यात वासिफच्या छोट्या ऑफिसात लागली. महिनाभर शिकाऊ. जमलं तर कायम, नाहीतर घरी. तिला घरी बसायचं नव्हतं, आणि महिना आज संपत होता.

काम पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर आखून छापायचं. चिकलठाण्यापुढं घरं भराभर उठली. नळ आले नाहीत, रस्त्यांना नावंही आली नाहीत. त्यामुळं पत्ते हे लांबलचक! द्वारकाबाईंचाच बघा: 'निळ्या टाकीमागं, चिंच होती तिथून डावीकडं, गिरणी ओलांडून, हिरव्या गेटचं तिसरं घर.' दमयंतीनं पत्त्याच्या रकान्याला मजकुराएवढं वाढायची मोकळीक दिली. तो ऐसपैस चार ओळी पसरला. शेजारचे वेळेचे, फेऱ्यांचे रकाने बुटके ते बुटकेच. रेघा कुठल्या कुठं. ड्रायव्हरनं पत्ता एकाचा वाचला, वेळ दुसऱ्याची. गुरुवारी द्वारकाबाईंच्या दारात दोन टँकर! बाईंनी पिंपं भरली, कळशा भरल्या, शेवटी इडलीपात्रसुद्धा भरलं. मागची गल्ली हंडे घेऊन ताटकळत बसली.

"काकू, चारला आप्पासाहेब टँकरवाले प्रिंट न्यायला येतात," वासिफ म्हणाला. "रेघा सरळ नाय झाल्या तो अपना काम गया. तुमचंही."

दमयंतीनं द्वारकाबाईंना फोन लावला. "बाई, पत्त्यातून चिंच गाळू का? तोडली ना ती?"

"झाड तोडलं म्हणून काय झालं? ड्रायव्हरला तेवढंच ठाऊक आहे. खबरदार!"

मग तिनं सगळेच रकाने चार ओळींचे उंच केले. चार पानांचं वेळापत्रक अकरा पानांवर गेलं. एका शब्दाचा पत्ता मोठ्या चौकटीत एकटाच, लग्नाच्या हॉलात लवकर आलेल्या पाहुण्यासारखा.

"काकू, ये वेळापत्रक है के पोथी?"

तीन वाजता तिनं डबा उघडला. पहिला घास उचलला आणि तिला सासरे आठवले. तात्यासाहेब घासन् घास बत्तीस वेळा चावायचे. सणाची पंगत बसली की त्यांचं आटोपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हात वाळले तरी.

"अगं बाई! मी यांना एका पंगतीत बसवलंच नाही की!"

उजव्या हातात घास, डाव्या हातात माऊस. एका घराचे सगळे रकाने तिनं एकाच चौकटीत घातले आणि प्रत्येकाला बजावलं: चौकटीत जो सर्वांत उंच, तेवढं व्हायचं. पत्ता चार ओळींचा, तर वेळही तितकीच उंच. पत्ता एका ओळीचा, तर सगळे एका ओळीचे. प्रिंट निघाली. वासिफनं फूटपट्टी लावली, उलटी करून पुन्हा लावली, आणि दोघंही लहान पोरांसारखी खिदळत सुटली.

आप्पासाहेबांनी द्वारकाबाईंच्या ओळीवरून बोट फिरवलं. "हं. आता नाय चुकायची पोरं." एक प्रत टेबलावर ठेवून ते गेले.

"मुबारक हो काकू! सोमवारपासून कायम. दहाला या."

"बाराला येते," दमयंतीनं टेबलावरच्या कागदावर बोट टेकवलं. "हे बघ की, सोमवारी दहाला आमच्याच गल्लीत टँकर आहे!"