शुऐबाचा अधिकृत जखमी

आमच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये अपघात झाला तर एक फॉर्म भरायचा असतो, आणि होता होता राहिला तर दोन! न झालेल्या गोष्टीबद्दल साहेब लोकांकडे जास्त मतं असतात. अँगसच्या कुठल्याच प्रकाराला कुठलाच फॉर्म लागू होत नसे. म्हणून ते फाइलमध्ये न जाता माझ्या डोक्यात साठले आणि आता जागा पुरत नाही.

कुवेतमधल्या शुऐबाच्या प्लांटमध्ये दर महिन्याला मॉक ड्रिल असतं. म्हणजे खोटा भोंगा, खोटा धूर आणि एक खोटा जखमी. सगळे खोटं खोटं धावतात आणि मी स्टॉपवॉच घेऊन त्याची खरी वेळ लिहिते. पुण्याहून एम.कॉम. करून आले ते याचसाठी!

हा खोटा जखमी म्हणजे अँगस. स्कॉटलंडचा. नाटक, टीव्ही, सिनेमा, सगळीकडे काम केलेला खराखुरा नट.

*

त्याचा बायोडेटा माझ्याकडेच आला होता. दोन पानं, आणि दोन्ही पानांवर तो मेलेला!

एडिनबरोच्या रंगभूमीवर तलवारीने मेला. टीव्हीवरच्या पोलीस मालिकेत तिसऱ्या भागात मेला. लोकांना आवडला म्हणून पुढच्या वर्षी त्याच मेलेल्याचा भाऊ म्हणून परत आला आणि परत मेला. एका युद्धपटात माणसं कमी पडली म्हणून दोन्ही बाजूंनी मेला. मग कामं आटली, तेव्हा अ‍ॅबर्डीनच्या तेलवाल्यांनी त्याला ड्रिलमध्ये जखमी व्हायला बोलावलं आणि तिथून तो कुवेतला पोचला.

आमच्या देशमुख साहेबांनी मुलाखतीत विचारलं, "यू हॅव एनी स्पीकिंग रोल्स?"

"होते," अँगस म्हणाला, "पण माझं वाक्य येईपर्यंत मी सहसा गेलेला असे."

नट हा धंदा आमच्या व्हिसाच्या यादीत नव्हता. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांची कामं करणारा माणूस, कुवेत सिटीतल्या ऑफिसातून 'पाइप फिटर' असं लिहून घेऊन आला. मला वाटलं, अँगस भडकेल.

तो दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन फिटरांचे हात बघत बसला. म्हणाला, "भूमिका मिळाली आहे, तर तयारी करायला नको?"

*

पहिल्या ड्रिलची स्क्रिप्ट मी लिहिली होती. एकच ओळ. 'कामगाराच्या पायावर पाइप पडतो, तो बसून राहतो.'

अँगस कागद घेऊन आला. "वैशाली, हा माणूस सकाळी बायकोशी भांडून आलाय का?"

"मला काय माहीत?"

"मग त्याचं लक्ष कुठे होतं? पाइप उगाच पडत नाही."

देशमुख साहेब आतून ओरडले, "नवरा-बायकोचं भांडण आपल्या स्कोपमध्ये नाही!"

भोंगा वाजला. अँगस पायाला धरून कळवळला, आईला हाक मारली, कुठल्याशा समुद्राची आठवण काढली, दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि कोसळला. स्ट्रेचर घेऊन धावत आलेली माणसं स्ट्रेचर खाली ठेवून बघत उभी राहिली. एकाने तर डोळे पुसले. जखमी हलवायची वेळ होती सहा मिनिटं, आम्हाला लागली एकोणीस. वर शेवटी टाळ्या!

साहेबांचा चेहरा लाल. "हे ड्रिल आहे की नाट्यमहोत्सव?"

अँगसने डोळे उघडून मला एवढंच विचारलं, "शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला?"

शेवटच्या रांगेत एक टँकर उभा होता. मी म्हटलं, "पोचला."

*

एका शुक्रवारी आमच्या फहाहीलच्या फ्लॅटवर त्याची ती मालिका बघायचा बेत ठरला. मी पोहे केले होते. आमच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर खतीब चाचा आले होते. चाचा रत्नागिरीकडचे, कुवेतमध्ये माझ्या लग्नाच्या आधीपासून, आणि गावच्या नाटकांत वीस वर्षं कामं केलेले.

पाऊण तास वाट बघितल्यावर अँगस पडद्यावर आला. टेबलावर चादर, चादर बाजूला झाली, चेहरा दिसला, चादर परत वर. झालं! आम्ही कुठे बघायचं ते ठरवेपर्यंत संपलं.

सगळ्यांनी भरपूर कौतुक केलं. तोंडात पोहे असल्यामुळे तपशिलात कोणालाच जावं लागलं नाही.

तेवढ्यात माझी दहा वर्षांची लेक म्हणाली, "मॉम, ही ब्लिंक्ड!"

मागे नेऊन पाहिलं. खरंच, प्रेताने डोळे मिचकावले होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अँगस मात्र उठून उभा राहिला आणि तिच्याशी हात मिळवत म्हणाला, "पंचवीस वर्षं झाली. अख्ख्या ब्रिटनमध्ये हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तू पहिली, जिने मला नीट बघितलं!"

*

पाडव्याला आमच्या मंडळाची एकांकिका असते. ती का असते, हे विचारायची पद्धत नाही. यंदा अँगस तालमीला येऊन बसला. मराठीचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून आमच्या नाटकाला हसणारा तो एकटाच!

चाचांना हवालदाराचं काम होतं. पहिल्याच तालमीत अँगसने हात वर केला. "हा माणूस शिकलेला नट आहे. बघा, प्रेक्षकांकडे पाठ करत नाही."

चाचा खूश. "ताई, त्याला सांगा, आमचे मास्तर छडी घेऊन विंगेत उभे र्‍हायचे. पाठ दिसली की सपकन्!"

अँगस म्हणाला, "आमचे बूट फेकायचे! मी चाळीस वर्षांत एकदाही पाठ दाखवलेली नाही. मेलो तरी तोंड प्रेक्षकांकडे करून मेलो."

हल्ली असले नियम कोणी पाळत नाही, असं आमच्या मंडळातल्या एका अभ्यासू सभासदाने सांगितलं. दोघांनीही त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

प्रयोगाच्या दिवशी चाचांनी नियम असा पाळला की एक्झिटसुद्धा उलटं चालत घेतली! प्रेक्षकांना सलाम ठोकत, मागे मागे जात, वाटेतला पोलीस चौकीचा दरवाजा चौकटीसकट पाठीवर घेऊन गेले. पुढची वीस मिनिटं चौकीला दारच नव्हतं.

अँगस विंगेत रडत होता. आनंदाने! त्या दिवसापासून दोघांची जी दोस्ती जमली, ती भाषेवाचून चालली.

*

मग डमी आली. रबराची, माणसाएवढी. देशमुख साहेबांनी मागवली होती. डमी प्रश्न विचारत नाही, चहा मागत नाही, आईला हाक मारत नाही.

तिची पेटी उघडली तेव्हा अँगस तिथेच होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चेहरा चांगला आहे. थोडा कोरा आहे, पण आमच्याकडे असल्यांनाच हीरो करतात."

साहेबांनी ठरवलं, पुढच्या ड्रिलला क्लायंटची माणसं येतील. आधी डमी, मग अँगस. ते ज्याला पसंत करतील, तो राहील. अँगसचा करार त्याच महिन्यात संपत होता, आणि करार संपला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतो आणि इकामा संपला की माणूस.

त्या दिवशी जेवताना मी त्याला म्हटलं, "घरी जाशील, आराम करशील."

तो म्हणाला, "वैशाली, घरी मी नुसता म्हातारा आहे. इथे निदान जखमी तरी आहे."

मी डब्यातली शेवटची पोळी त्याच्यापुढे सरकवली.

*

ड्रिलचा दिवस. सकाळचे आठ, आणि हेल्मेटच्या आत डोकं उकडून निघत होतं. डमी साडेपाच मिनिटांत वाचली. तिने कोणाला त्रासच दिला नाही. साहेब तिच्याकडे मुलगी बोर्डात आल्यासारखे बघत होते.

मग अँगस. भूमिका अशी, की हात भाजलाय आणि तो ओरडतोय. भोंगा वाजला. आम्ही कान टवकारले.

आवाजच नाही. अँगस पाइपांच्या पलीकडे एका केबलच्या रिळावर बसला होता. कुंपणाकडे तोंड करून, गप्प.

साहेब मला हळूच म्हणाले, "बघा, सुधारला शेवटी! थोडक्यात करतोय." क्लायंटचे पाहुणे भराभर लिहून घेत होते. मीही स्टॉपवॉच बघत उभी! दीड मिनिट झालं होतं. अँब्युलन्सला सिग्नल चौथ्या मिनिटाला द्यायचा होता.

तेवढ्यात अँब्युलन्स सुटली. चुन्याची रेघ ओलांडून, धुराच्या डब्याला उडवून, सरळ त्या रिळापर्यंत!

"खतीब! अजून सिग्नल नाही!" साहेब किंचाळले.

चाचा खाली उडी मारून ओरडले, "सिग्नल गेला खड्ड्यात! सायेब, त्याने पाठ फिरवलीन!"

अँगसला त्यांनी कवेत उचलून आत घातलं. स्क्रिप्टप्रमाणे अँब्युलन्स मैदानाला फेरी मारून थांबायची होती. ती मेन गेटमधून बाहेर पडली आणि खऱ्या हॉस्पिटलात जाऊनच थांबली. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, अजून दहा मिनिटं गेली असती तर कठीण होतं.

साहेबांनी त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, 'ड्रायव्हरने स्क्रिप्ट पाळली नाही.'

चौथ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. साहेब एक पाकीट घेऊन आले होते. कराराला दोन वर्षं मुदतवाढ! सोबत पाहुण्यांचा शेरा : 'जखमीचा अभिनय अतिशय नैसर्गिक.'

अँगसने तो दोनदा वाचला. आयुष्यात त्याच्याबद्दल कोणी असं छापील लिहिलं नव्हतं. मग कागद बाजूला ठेवून त्याने चाचांकडे बघितलं.

"खरं सांग. कशी झाली?"

चाचा जरा घुटमळले. "व्हेरी बॅड, अँगसभाय. लाइफमधली सगळ्यात बॅड अ‍ॅक्टिंग!"

अँगस इतका हसला की नळ्या हलायला लागल्या. मग दमला. सावकाश कूस बदलून त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

चाचांनी झडप घालून नर्सची घंटा दाबली.