मसुराएवढा वाढपी

घरात काही बिघडलं की मी ते आधी पूर्ण बिघडवतो आणि मग दुरुस्तीला नेतो. अंडी उबवायच्या पेटीचंही तेच झालं. तिचा सर्किट बोर्ड मीच जोडलेला. आत बायकोनं जमवलेली एकवीस गावरान अंडी, सातवा दिवस. आणि अंडी फिरवणारी मोटर सुरू झाली की बोर्डावरची चिप गांगरायची, तापमानाचे आकडे विझायचे, ऊब देणारा बल्ब बंद पडायचा.

वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर कमी पडतोय, एवढं मला कळलं. म्हणून अंगठ्याएवढा आणला आणि मधे अडचण नको म्हणून बोर्डाच्या पार कडेला बसवला. तरी तेच.

"दोन तासांत या," बायको म्हणाली. अंडी तिनं गोधडीत, गरम पाण्याच्या बाटल्यांमधे ठेवली होती. "त्याच्या पुढं काय खरं न्हाई."

मी आमच्या कडा गावाहून आष्टीला गाडी पिटाळली. तिथं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. बोर्ड बघून ते हसायलाच लागले.

"एवढा मोठा काहून लावला?"

"मोठा म्हणजे चांगला ना, चाचा?"

"लग्नात जेवलाव का कधी? डेग मोठी असती, पन मांडवामागं. पंगतीत कुनी भात मागितला तर डेग पळत येती का? वाढपी लागतो, पानाजवळ. चिपची भूक लई घाईची. तुमची डेग येस्तोवर ती उपाशी मरती."

त्यांनी मसुराएवढा पिवळा दाणा काढला. सिरॅमिकचा कपॅसिटर. "भाजलेली मातीच हाय म्हना," चाचा म्हणाले. त्याचे पाय आखूड कापून त्यांनी तो चिपच्या वीज घेणाऱ्या पायांना अगदी खेटून सोल्डर केला. माझी डेगही राहू दिली. "मोटरच्या झटक्याला ती लागती. फक्त बल्बापासून लांब ठिवा, उष्णतेनं तिच्यातलं पातळ वाळतं."

घरी बोर्ड बसवला, अंडी आत ठेवली. मोटर लावायला माझा हात धजेना. बटण बायकोनंच दाबलं. घरघर झाली, एकवीस अंडी एकदम कलली, आणि आकडा जागचा हलला नाही. पापणी लवायच्या आत चिपला हजारदा भूक लागते, आणि चिमूटभर भाजलेली माती ती दरवेळी भागवते! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

पण अंडी तगली होती का? बायकोनं खोलीत अंधार केला आणि एक अंडं माझ्या हातातल्या टॉर्चवर धरलं. आत लाल धाग्यांचं जाळं, मधोमध एक काळा ठिपका. तो हलला.

मी बघायला वाकलो आणि टॉर्चचा उजेड भिंतीवर गेला.

"टॉर्च नीट धरा," ती म्हणाली. "अजून वीस बघायचीत."