तुरीच्या दाण्याएवढं रानडुक्कर

आमच्या कुत्र्याच्या नाकातून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा तो ओसरीत नुसता लोळत होता. पण जाम गावच्या चौकातल्या टपरीवर मी सांगितलं ते असं, की त्यानं म्हशीएवढ्या रानडुकराला वावरातून थेट हायवेपर्यंत पिटाळलं आणि डुकरानं जाता जाता सुळा मारला. दुसऱ्या चहापर्यंत डुक्कर हत्तीएवढं झालं होतं.

जनावरांचे डॉक्टरही त्याच टपरीचे गिऱ्हाईक. मी कुत्रा घेऊन जाण्याआधीच गोष्ट त्यांच्याकडे पोचलेली. त्यांनी माराचं औषध दिलं, मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं भाकर हुंगलीसुद्धा नाही. अंग तव्यासारखं तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर लाल ठिपके. घर ते फाटक, फाटक ते घर मी एवढ्या फेऱ्या मारल्या, की तेवढ्यात पायी पवनारला जाऊन आलो असतो. शेवटी बायको म्हणाली, "तुमाले डुक्कर प्यारं का कुत्रं? का मीच सांगू डाक्टरले?"

मीच सांगितलं. "साहेब, डुक्कर नव्हतंच. रक्त आपोआप आलं."

डॉक्टर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी कुत्र्याचा कान उलटला. आत तुरीच्या दाण्याएवढे टम्म फुगलेले गोचीड. तपासायला रक्त काढलं, तर सुई टोचली तिथलं रक्त थांबेना. बायको कापसाचा बोळा दाबून बसली, मी दारातून नुसता आत-बाहेर.

रिपोर्ट आला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात, त्या अठरा हजार. जन्मभर आकडे फुगवत आलो, हा एक फुगवता येईना. पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा बारीक पुंजका दिसला, गोचिडानं सोडलेल्या जंतूंचा.

"तीन दिवस फुकट गेले, भाऊ," एवढंच बोलून डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या.

पुढचे चार दिवस मी बसून जेवलो नाही. पाचव्या दिवशी मी उभ्यानं जेवत असताना कुत्र्यानं माझ्या हातातली भाकर पळवली. पुढच्या तपासणीत प्लेटलेट लाखाच्या वर.

टपरीवर जाऊन सगळं खरं सांगितलं. एक म्हातारबुवा म्हणाले, "काहीबी फेकून राह्यला. दाण्याएवढा किडा एवढं कुत्रं लोळवते का? डुकराचंच सांग."

सांगितलं. पण आधी एकेकाला घरी पिटाळलं, आपापल्या कुत्र्याचे कान पाहून यायला.