परातीतली नदी

नातीला शाळेसाठी पुलाचं मॉडेल करायचं होतं. परदेशातल्या कुठल्याशा नदीवरचा जुना पूल, दोन्ही काठांना कारखाने. दोन उंच लोखंडी मनोरे, वर आडवा सांगाडा आणि त्याला तारांनी टांगलेला पाळणा. माणसं, गाड्या पाळण्यात चढतात आणि पाळणाच पलीकडे सरकतो. खालून जहाजांना वाट मोकळी.

"म्हणजे होडीच टांगलीय," मी म्हणाले.

"येस, आजी." ती बहारीनमध्येच जन्मली. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते.

आमच्या कोकणातल्या गावी चौथीपुढची शाळा खाडीपलीकडे होती. पूल नव्हता, आणि वडील मुलीला होडीतून एकटी पाठवणार नव्हते. संपली शाळा. त्याचं रडगाणं मी कधी गायले नाही.

मुलगा इथेच, सलमाबाद भागातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. त्याने तारेचे मनोरे जोडून दिले. नदी नातीने पुठ्ठ्यावर रंगवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉडेल शाळेत न्यायचं होतं. संध्याकाळी दोरा ओढला तसा पाळणा सरकला, आणि मी नारळ आणला. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटताना नारळ फोडतात. मीही फोडला, पुलाला अगदी लागून. पाणी सगळं पुठ्ठ्यावर. रंग ओघळला, नदी फुगून वर आली.

मुलगा कामावरून आला होता, तिथेच उभा होता. "आई, पुठ्ठा आहे तो. खलास आता."

मला वाटलं, पोर रडणार. ती उठून स्वयंपाकघरात गेली, माझी पीठ मळायची परात घेऊन आली. पुठ्ठा काढून फेकला, मनोऱ्यांच्या मध्ये परात ठेवली आणि तांब्याने पाणी ओतलं.

"रिअल रिव्हर," म्हणाली.

मग माझ्या डब्यातली सुपारी उचलून तिने पाळण्यात ठेवली. "आजी, ही तू. नीट बस." चक्क मराठीत.

"बुडवशील मला."

"तुला पोहता येतं ना?"

"मला येतं. सुपारीला विचार."

मुलगा हसला. नातीने हळूहळू दोरा ओढला. सुपारी कोरडीच पलीकडे गेली. मी जागची हलले नाही, पण गेले मीही.

कुणाचे आभार मानायची मला सवय नाही. त्या दोघांचे मानते, इथेच. परात अजून शाळेत आहे. पीठ मी पातेल्यात मळते. जरा सांडतं, पण चालतं.